हिंजवडीत नोकरी, मग घर कुठे घ्यावं? आधी पिंपरी-चिंचवड समजून घ्या

विचारणा अशी आहे: नोकरी हिंजवडीच्या फेज ३ मध्ये लागली आहे, पत्नी पिंपरीत एका रुग्णालयात परिचारिका आहे, आणि वर्षभरात आईवडीलही लातूरहून राहायला येणार आहेत. घर वाकड, पुनावळे, मारुंजी, रावेत की निगडी यांपैकी कुठे घ्यावं, आणि मुळात हे शहर आहे तरी कसं?

मी नगररचनेच्या कामात आहे. लेआउट मंजुरी, झोन दाखले (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारे), डीपी म्हणजे विकास आराखड्यातल्या रस्त्यांच्या आखण्या, हद्दीचे वाद, हे सगळं याच पट्ट्यात करत आलो आहे. म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. शहर कसं आहे हे कळलं की घराचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचं ऑफिस ज्या हिंजवडीत आहे, ती हिंजवडी पिंपरी-चिंचवड महापालिकेत नाही. नव्याने आलेल्या कुणालाही हे पटत नाही, कारण वाकडचा चौक ओलांडताना शहर संपल्याची कुठलीच खूण दिसत नाही. पण हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं गाव आहे आणि गावठाणाचा कारभार ग्रामपंचायत बघते. राजीव गांधी आयटी पार्कची जमीन एमआयडीसीची. पार्कला खेटून उभ्या राहिलेल्या वीस-पंचवीस मजली संकुलांना परवानगी देते पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. रस्त्यांपैकी काही एमआयडीसीचे, काही पीएमआरडीएचे, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे. महामार्ग आणि त्याखालचे भुयारी मार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे. वाहतूक पोलीस मात्र पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. तुमच्या सोसायटीपुढचा नाला तुंबला तर तक्रार कुठे द्यायची, हे शोधण्यातच आठवडा जातो. या भागातल्या जवळपास प्रत्येक त्रासाच्या मुळाशी ही हद्दीची गुंतागुंत आहे. घर घेताना फरशी आणि मॉड्युलर किचनच्याही आधी तिचा विचार करा असं मी कळकळीने सांगतो.

ही गुंतागुंत आली कुठून, ते थोडं मागे जाऊन पाहावं लागेल.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना. त्याआधी फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत इथे होतीच, आजही पिंपरी कॅम्पातली बाजारपेठ त्यांच्याच कष्टावर उभी आहे. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि मग आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को (आजची टाटा मोटर्स), भोसरीत शेकडो लहान वर्कशॉप अशी रांग लागली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं मिळून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं, १९८२ मध्ये महापालिका झाली. कारखाना आधी, नगरपालिका नंतर, पण दोन्ही एकाच हद्दीत, हे इथलं मोठं भाग्य. कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवर जकात लागायची आणि ती थेट पालिकेच्या तिजोरीत पडायची. जुन्या महामार्गाचे प्रशस्त पदर, निगडी प्राधिकरणातले रुंद रस्ते, बागा, संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, या सगळ्यामागे लोखंड आणि सुटे भाग यांच्यावरची जकात आहे. पुण्यातला माणूस पूल ओलांडून आला की रस्त्याची रुंदी बघून आजही थबकतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. प्राधिकरणाने ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्या शेतकऱ्यांना परताव्याच्या साडेबारा टक्के जमिनीसाठी अनेक दशकं खेटे घालावे लागले. आणि कारखान्यातल्या कामगाराला प्राधिकरणाचा प्लॉट परवडत नव्हता, म्हणून त्याने थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, चिखली इथे शेतकऱ्याकडून गुंठा, अर्धा गुंठा घेतला आणि परवानगीशिवाय घर बांधलं. अशी घरं हजारोंनी आहेत. त्यांच्यावर २००८ पासून शास्तीकर, म्हणजे विनापरवाना बांधकामावरचा दंडाचा कर, लावला गेला, तो २०२३ मध्ये माफ झाला. इथे एक सूचना: शास्तीकर माफ झाला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी अशी खोली किंवा मजला दाखवला आणि 'आता कर माफ झालाय, काळजी नको' असं म्हणाला, तर तिथून निघून या.

आयटी आलं ते नव्वदीच्या अखेरीस. हिंजवडीच्या माळावर खरं तर साखर कारखाना व्हायचा होता. तो दुसरीकडे न्यायला सांगून ही जागा आयटीसाठी ठेवली, हे शरद पवारांनी जाहीर भाषणांत सांगितलं आहे. संत तुकाराम साखर कारखाना मग कासारसाईकडे उभा राहिला. त्या वेळी जागा उत्तम होती यात वाद नाही. मुंबई-बंगळूर महामार्ग शेजारी, द्रुतगती मार्ग जवळ, जमीन मोकळी. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट, टेक महिंद्रा ही मंडळी आली, फेज १ भरला, मग २, मग शेजारच्या माण गावाच्या हद्दीत पसरलेला ३.

आणखी एक वैशिष्ट्य बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. इथलं आयटी म्हणजे फक्त परदेशी बँकांचं काम नव्हे. केपीआयटी आणि टाटा टेक्नॉलॉजीज यांच्यासारख्या कंपन्या वाहनांसाठी सॉफ्टवेअर आणि अभियांत्रिकी आराखडे करतात, आणि त्या इथे रुजल्या याचं कारण पिंपरी-चाकणचा वाहनउद्योग तासाभराच्या अंतरावर आहे. यंत्रावर काम केलेल्या बापाची मुलगी त्याच यंत्राचा कोड लिहिते, अशी घरं मी चिंचवड-आकुर्डीत कितीतरी पाहिली आहेत. मला या शहराबद्दल सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो याच गोष्टीचा.

पण जकातीच्या काळात कारखान्याने शहराला जे दिलं, ते आयटीला देता आलं नाही. एक तर पार्क महापालिकेच्या हद्दीबाहेर. दुसरं, सॉफ्टवेअर ट्रकमधून येत नाही. राज्याच्या आयटी धोरणात या कंपन्यांना मालमत्ता कर निवासी दराने लावायची सवलत. आयटीचा पैसा या भागात आला तो पगाराच्या रूपाने, आणि पगार गेला फ्लॅटमध्ये. फ्लॅट उभे राहिले वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, किवळे इथे. रावेत, पुनावळे, किवळे, मोशी, चऱ्होली अशी अठरा गावं १९९७ मध्ये महापालिकेत आली, ताथवडे तर २००९ मध्ये. म्हणजे जिथे घरांची झुंबड उडाली ती गावं महापालिकेतही नवीच होती. तिथे ड्रेनेज, पाण्याच्या टाक्या, रस्ते अजून यायचे होते. जनगणनेत शहराची लोकसंख्या २००१ मध्ये १० लाख १२ हजार होती, २०११ मध्ये १७ लाख २७ हजार झाली. त्यापुढचे सगळे आकडे अंदाजाचेच, पण वाढ थांबलेली नाही हे सांगायला आकड्याची गरज नाही.

गावांना मात्र ही हद्द कधी मान्य नव्हती. हिंजवडी आणि वाकड दोघांचंही दैवत म्हातोबा. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड, म्हणजे यात्रेचा लाकडी रथ, हिंजवडीहून निघून वाकडला जातं. ज्या रस्त्यावर एरवी कंपनीच्या बसा अडकलेल्या असतात, त्याच रस्त्यावरून त्या दिवशी माणसांच्या गर्दीतून, गुलालातून बगाड पुढे सरकतं. ग्रामपंचायत कुठे संपली आणि महापालिका कुठे लागली, याचं त्याला काही पडलेलं नसतं. एकदा मुद्दाम जाऊन बघा. आपण ज्या जमिनीवर राहायला येतोय तिथे आधीपासून एक जग नांदत होतं, हे प्रत्येक नव्या रहिवाशाला माहीत असावं.

आता रोजच्या प्रवासाचं. पार्कात शिरायच्या वाटा मोजक्याच: वाकडकडून शिवाजी चौक, भूमकर चौकातून मारुंजी रस्ता, आणि बालेवाडी-नांदेकडून माण. ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं आणि थोड्याच दिवसांत शिवाजी चौकाभोवती चक्राकार एकेरी वाहतूक सुरू झाली. त्याने खूप फरक पडला. निर्णय एकाच्या हातात असला की काय होऊ शकतं, याचं हे चांगलं उदाहरण. पण रस्ता रुंद करणं पोलिसांच्या हातात नाही, ते पुन्हा चार खात्यांत वाटलेलं.

मेट्रोबद्दल जाहिराती फार गोड बोलतात, म्हणून नीट सांगतो. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका, सुमारे २३ किलोमीटर, २३ स्थानकं, भूमिपूजन डिसेंबर २०१८. ती वाकड चौक, बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ चौक अशी पुण्यात जाते. पिंपरीहून जाणारी पहिली मार्गिका दापोडीवरून पुण्यात जाते. दोन्ही एकमेकींना भेटतात थेट शिवाजीनगरच्या न्यायालयापाशी. हिंजवडी ते पिंपरी थेट मेट्रो नाही. तुमच्या घरातली एक नोकरी हिंजवडीत आणि एक पिंपरीत, त्यामुळे मेट्रोने फार तर एकाचा प्रवास सुटेल. बिल्डर 'मेट्रोपासून पाच मिनिटं' म्हणाला तर ती पाच मिनिटं पावसाळ्यात, पायी, छत्री घेऊन चालून पाहा. पदपथ आहे का, महामार्ग ओलांडायला सोय आहे का, हे तेव्हाच कळतं.

पाण्याचा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. महापालिकेचं मुख्य पाणी पवना धरणाचं. साठा साधारण साडेआठ टीएमसी. धरणातून पाणी नदीत सोडतात, ते वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे उचलतात आणि निगडीत सेक्टर २३ मध्ये शुद्ध करतात. धरणापासून बंद नळाने पाणी आणायची योजना होती. तिला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे जीव गेले. शहरातल्या आपल्या नळाला मावळच्या त्या दिवसाची किंमत चिकटलेली आहे, हे विसरून पाण्याबद्दल बोलू नये असं मला मनापासून वाटतं. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. आंद्रा आणि भामा आसखेड धरणांतून जादा पाणी आणायच्या योजना त्यासाठीच आहेत.

हे झालं महापालिकेच्या हद्दीतलं. हद्दीबाहेर, म्हणजे मारुंजी, हिंजवडी, माण, नेरे इथल्या मोठ्या संकुलांत कहाणी वेगळी. परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो की सार्वजनिक पाणीपुरवठा होईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. सोसायटी स्थापन झाली, बिल्डरने हात वर केले, की टँकरचा खर्च सभासदांच्या माथी येतो. म्हणून मारुंजीत फ्लॅट बघायला गेलात तर सॅम्पल फ्लॅट नंतर बघा. शेजारच्या, दोन-तीन वर्षं राहती असलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च मागा. मार्च ते जून या चार महिन्यांत टँकरच्या रकान्यात काय आकडा आहे, तो एकूण मेंटेनन्सच्या किती टक्के आहे, बोअर किती खोल गेलेत, हे पाहा. किमतीत जी काही लाखांची बचत दिसते ती दहा वर्षांच्या टँकरात विरघळते का, याचा हिशेब तिथल्या तिथे करता येतो. लोक हा कागद सहसा दाखवतात. त्यांनाही आपली व्यथा सांगायची असते.

पावसाचंही तसंच. २०२५ च्या पावसाळ्यात आयटी पार्कातले रस्ते पाण्याखाली गेले आणि महापालिकेत जाण्याची मागणी पुन्हा जोराने झाली. पाऊस जास्त झाला हे खरं, पण टेकड्यांवरून मुळेकडे जाणारे ओढे कुठे बुजवले, कुठे वळवले, कुठे अरुंद नळ्यांत कोंबले, हे अधिक खरं. जुन्या मोजणी नकाशात ओढा दिसतो आणि जागेवर दिसत नाही, असा प्लॉट असेल तर तो टाळाच. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा विचारा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशावरून महापालिकेने पाडले. त्यात राहणाऱ्यांनी आयुष्याची कमाई घातली होती. नकाशावरची एक रेषा कुणी त्यांना वेळेत दाखवली असती तर!

आता कागद कसा वाचायचा ते एका उदाहरणाने दाखवतो. माहितीपत्रकात '२४ मीटर रस्त्यालगत' असं लिहिलेलं असतं. जागेवर गेलात तर संकुलापुढे खरोखर रुंद, डांबरी रस्ता असतो. मग त्या रस्त्याने चालत सुटा. दोनशे-तीनशे मीटरवर तो एखाद्या शेताच्या तारेशी संपतो आणि पुढे बैलगाडीची वाट उरते. डीपीच्या नकाशावर रस्ता अखंड आहे, पण मधला तुकडा ज्याच्या सातबाऱ्यावर आहे त्याची जमीन ताब्यातच आलेली नाही. मोबदला रोख की टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क), हा वाद असतो, कधी भावकीचा दावा कोर्टात असतो. म्हणून गट नंबर घेऊन झोन दाखला आणि डीपीचा भाग नकाशा काढा, त्यावर रस्ता कुठून कुठे जातो ते बघा, आणि मधल्या गटांचे सातबारे ऑनलाइन पाहा. सातबाऱ्यावर अजून खासगी नावं असतील तर तो रस्ता कागदावरचाच समजा.

त्याच नकाशावर आसपासची आरक्षणंही, म्हणजे सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागा, दिसतात. पुनावळ्यात कचरा डेपोचं आरक्षण आराखड्यात कित्येक वर्षं होतं. फ्लॅट घेणाऱ्या बहुतेकांना ते २०२३ मध्ये, काम सुरू व्हायच्या हालचाली दिसल्यावर कळलं. मोठं आंदोलन झालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये आरक्षण रद्द करण्याची घोषणा विधिमंडळात झाली. पण दर वेळी असं होईलच असं धरून चालू नका. आणि आराखडे बदलत आहेत हेही ध्यानात ठेवा. महापालिकेचा सुधारित प्रारूप आराखडा मे २०२५ मध्ये जाहीर झाला आणि त्यावर हरकतींचा पाऊस पडला. पीएमआरडीएचा २०२१ चा प्रारूप आराखडा तर २०२५ मध्ये रद्दच करायचं ठरलं. म्हणून झोन दाखला ताजा काढा, दोन वर्षांपूर्वीची झेरॉक्स चालणार नाही.

आता तुमचं घर. एक वर्ष भाड्याने राहा, आणि त्या वर्षात एक अख्खा पावसाळा आणि एक एप्रिल-मे येऊ द्या. भाड्यासाठी वाकड किंवा थेरगाव. तिथून तुमची कंपनी बस मिळेल आणि काळेवाडीवरून पत्नीला पिंपरी गाठता येईल. त्यांच्या रात्रपाळ्या असतील तर त्यांच्या प्रवासाला जास्त वजन द्या. तुमच्याकडे घरून काम करायचा दिवस असतो, त्यांच्याकडे नसतो.

विकत घ्यायचं तर तुमच्या परिस्थितीत माझा कौल रावेतकडे, किंवा चिंचवड-थेरगावातल्या आठ-दहा वर्षं जुन्या सोसायटीतल्या फेरविक्रीच्या फ्लॅटकडे. रावेतहून आकुर्डीची लोकल जवळ, पिंपरीला रस्ता सरळ, आणि पाणी महापालिकेचं. हिंजवडीला जाताना महामार्गाखालच्या पुनावळे-ताथवडे-भूमकर चौकातल्या अरुंद भुयारी मार्गांत अडकाल, हे आधीच धरून चला. पुनावळं किमतीला बरं आहे, पण तो भुयारी मार्ग रोज दोनदा लागेल. मारुंजी तुम्हाला सोयीची, पण पत्नीला आणि आईवडिलांना नाही. दवाखाना, भाजी, मंदिर सगळ्याला गाडी काढावी लागते. निगडी प्राधिकरण आईवडिलांसाठी उत्तमच, बागा आहेत, चालायला पदपथ आहेत, पालखीच्या दिवशी तुकोबांची पालखी जवळच आकुर्डीत मुक्कामाला असते. फक्त तिथली बरीचशी मालमत्ता ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे. २०२१ मध्ये प्राधिकरण विलीन झाल्यापासून त्या सेक्टरची फाइल पीएमआरडीएकडे आहे की महापालिकेकडे, आणि हस्तांतराची परवानगी व शुल्क काय, हे व्यवहाराआधी लेखी घ्या.

फेरविक्रीत तीन कागद असल्याशिवाय बयाणा देऊ नका: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी दिल्याचा दाखला), सोसायटीच्या नावे झालेलं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीला देणारा दस्त (मानीव, म्हणजे बिल्डरने न दिल्याने सरकारी आदेशाने झालेलं असलं तरी चालेल), आणि महापालिकेचं पाणीपट्टीचं चालू बिल. नव्या प्रकल्पात महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा आणि पाण्याबद्दलचं हमीपत्र दोन्ही शोधा. गट नंबर ठरला की तो कळवा, झोन दाखला आणि भाग नकाशा कसा वाचायचा ते त्या जागेपुरतं सांगू शकेन.